'नसांच्या गोळी'वर आता नोंदवहीची नजर : प्रीगॅबालिन घेणाऱ्यांनी काय समजून घ्यावं

तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असण्याची शक्यता बरीच आहे. हे नाव कदाचित आठवणार नाही, कारण घरात तिला सगळे 'नसांची गोळी' म्हणतात. मधुमेहामुळे तळपायांची आग होते, नागीण बरी झाली तरी त्या जागी चटके बसतात, मान किंवा कंबर दुखते, हाताला मुंग्या येतात, अशा तऱ्हेतऱ्हेच्या तक्रारींसाठी ही गोळी दिली जाते. माजिवडा, कापूरबावडी, घोडबंदर रोड या पट्ट्यात रोज दुचाकीवरून खड्डे चुकवत जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या, तर पाठीच्या दुखण्यासाठी ती किती सर्रास लिहिली जाते हे लक्षात येतं.

सध्या हे औषध चर्चेत आहे ते वेगळ्याच कारणाने. पंजाबमध्ये त्याचा नशेसाठी वापर वाढला, म्हणून तिथल्या अनेक जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या प्रीगॅबालिनच्या विक्रीवर बंदीचे आदेश काढले. २०२५ मध्ये हे औषध 'शेड्यूल एच-१' या अधिक कडक यादीत घालण्याची शिफारस केंद्राच्या पातळीवर झाली. ही बातमी मोबाइलवर फिरू लागली आणि घरोघरी प्रश्न सुरू झाले. आईला दोन वर्षं नशेची गोळी देतोय का? आजपासून बंद करू का? उद्या दुकानात मिळणार नाही का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात धोका आहे. बातमी वाचून गोळी एका दिवसात बंद करू नका. का ते पुढे येईलच.

ही गोळी नक्की काय करते?

गोळीचा संबंध कॅल्शियमशी आहे. हे ऐकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाडं येतात. ठाणेकरांना तर कोलशेत रोडवरचा सँडोझचा कारखाना आणि लहानपणी खाल्लेली 'कॅल्शियम सँडोझ'ची गोळी आठवेल. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, हे खरं आहे. पण उरलेल्या एक टक्क्यावर हृदय, स्नायू आणि मज्जातंतू चालतात.

हे कळलं ते जवळजवळ अपघाताने. १८८३ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर खारट पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. द्रावणात नळाचं पाणी वापरलं गेलं तेव्हा हृदय बराच वेळ धडधडत राहिलं, आणि ऊर्ध्वपातन केलेलं शुद्ध पाणी वापरलं तेव्हा ते लवकरच थांबलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर तुम्ही जे 'आरएल' वाचता, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर.

मज्जातंतूच्या पेशीत हा खेळ फार काटेकोर चालतो. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असतं, आत मात्र त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग. पेशी सतत शक्ती खर्च करून आतलं कॅल्शियम बाहेर ढकलते किंवा आतल्या कोठारांत भरून ठेवते. मज्जातंतूच्या टोकाशी विजेचा संदेश पोचला की तिथली कॅल्शियमची दारं, म्हणजे कॅल्शियम चॅनेल, क्षणभर उघडतात. कॅल्शियम आत घुसतं आणि त्या धक्क्याने टोकाशी साठवलेली रसायनं पुढच्या पेशीवर सोडली जातात. वेदनेचा निरोप पायापासून मेंदूपर्यंत जातो तो असाच, एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे.

मधुमेहाने किंवा नागिणीने मज्जातंतूला इजा झाली की या दारांची संख्या आणि हालचाल वाढते. पायाला काही झालेलं नसतानाही आग होतेय, टोचतंय, चादरीचा स्पर्श सहन होत नाही, असे खोटे निरोप जात राहतात. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन या दारांच्या एका जोडभागाला चिकटतात. त्या भागाचं नाव आल्फा-२-डेल्टा. तो दाराला पेशीच्या टोकापर्यंत नेऊन बसवायला मदत करतो. औषध चिकटलं की टोकाशी कमी दारं पोचतात, कमी रसायन सुटतं आणि निरोपांचा गोंगाट उतरतो. परिणाम जाणवायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. 'दोन गोळ्या घेतल्या, काही फरक नाही' म्हणून सोडून देणं त्यामुळेच चुकीचं ठरतं.

गंमत म्हणजे ही औषधं मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या दुसऱ्याच रसायनाची नक्कल म्हणून बनवली गेली होती. नावात 'गॅबा' आहे ते त्यामुळे. ती गाबाच्या जागेवर कामच करत नाहीत, हे नंतर उघड झालं. गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ मध्ये फिट्सच्या आजारासाठी मान्यता मिळाली होती, आणि ते कॅल्शियमच्या दाराला चिकटतं हे त्यानंतर तीन वर्षांनी कळलं.

एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक आठवड्याला येतो: 'ही गोळी कॅल्शियम अडवते, मग हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी बंद करू का?' नाही. रक्तातलं कॅल्शियम ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात धरून ठेवण्याचं काम गळ्यातल्या छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी करतात. नसांच्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. उलटही खरं आहे. कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन पायांची आग वाढत नाही आणि थांबतही नाही.

कुठे उपयोग होतो, कुठे नाही

माझ्या मते खरी बातमी इथे आहे. नशेच्या बातमीपेक्षा ती जास्त घरांना लागू पडते.

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. त्यांतल्या अनेकांना कधी ना कधी पायांच्या नसांचा त्रास होतो, आणि तिथे या औषधाला जागा आहे. पण किती? दिवसाला ३०० मिलिग्रॅम प्रीगॅबालिन घेणाऱ्या मधुमेहींपैकी साधारण १० मधल्या तिघांचं दुखणं निम्म्याने कमी होतं. नुसती साखरेची गोळी दिली तरी १० मधल्या दोघांहून थोड्या जास्त जणांना तेवढाच आराम वाटतो. नागिणीनंतरच्या वेदनेत फरक ठळक आहे: औषधाने दहात तिघं, बनावट गोळीने दहात एखादा. म्हणजे औषध खरं आहे, पण सगळ्यांना लागू पडणारं नाही. पुरेसा डोस योग्य तेवढे आठवडे घेऊनही काही फरक पडला नाही, तर तुम्ही उरलेल्या सात जणांत आहात. मग तीच गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग विचारा, तो असतो.

कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेचं, म्हणजे सायटिकाचं, काय? ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी पायाचं दुखणं प्रीगॅबालिन घेणाऱ्यांत आणि बनावट गोळी घेणाऱ्यांत सारखंच होतं, पण प्रीगॅबालिनवाल्यांना चक्कर जास्त आली. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०२० मध्ये सायटिकासाठी ही औषधं देऊ नयेत, असं स्पष्ट लिहिलं. पायात न उतरणाऱ्या साध्या कंबरदुखीत तर यांचा फायदा दिसतच नाही. आपल्याकडे मात्र कंबरदुखीच्या चिठ्ठीवर दुखणं थांबवायची गोळी, पित्ताची गोळी आणि नसांची गोळी हे त्रिकूट ठरूनच गेल्यासारखं आहे. यात डॉक्टरांची घाई आहे, कंपन्यांचा प्रचार आहे आणि 'काहीतरी जोरदार द्या' हा रुग्णाचा आग्रहही आहे.

आपल्याकडे ही गोळी बहुधा मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ सोबत एकाच कॅप्सूलमध्ये येते, कधी त्यात नॉरट्रिप्टिलिनही असतं. दिसायला सोयीचं, पण अडचणी दोन आहेत. डोस हळूहळू वाढवायचा किंवा उतरवायचा असेल तर जोडगोळीत ते नीट जमत नाही. दुसरी अडचण बी-१२ ची. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्या मधुमेहींमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं, आणि पायांच्या मुंग्यांचं ते स्वतंत्र कारण असतं. आधी रक्ततपासणी न करता जोडगोळी सुरू झाली, तर मुंग्या साखरेमुळे होत्या की बी-१२ मुळे, हे पुढे कळतच नाही. गोळी सुरू होण्याआधी ही तपासणी मागायला संकोच करू नका.

पायांची सूज, झोप आणि पडणं

प्रीगॅबालिन मूत्रपिंडातून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर ते शरीरात साठतं आणि नेहमीचा डोसही जास्त ठरतो. ज्यांना ही गोळी सर्वांत जास्त दिली जाते, त्या जुन्या मधुमेहींचीच मूत्रपिंडं बऱ्याचदा मंदावलेली असतात. आजोबा दिवसभर गुंगीत आहेत, बोलताना अडखळतात, चालताना झोकांडी जाते, अशा वेळी 'वय झालं' म्हणण्याआधी क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. वयस्कर माणसं रात्री लघवीला उठताना पडतात, आणि खुब्याचं हाड मोडलं तर मूळ दुखण्यापेक्षा कितीतरी मोठं प्रकरण होऊन बसतं. पहिली गोळी रात्री, आणि कमी ताकदीची, हा साधा नियम पाळला तरी बराच धोका टळतो. पहिले काही दिवस, आणि डोस वाढवल्यावरही, दुचाकी चालवू नका. घोडबंदर रोडवर कंटेनरच्या बाजूला अर्धवट झोपेत स्कूटर चालवणं कसं असतं, हे सांगायची गरज नाही.

सुजेचा घोळ जरा समजून घ्या. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिन हीसुद्धा कॅल्शियमची दारं अडवणारी गोळी आहे, पण ती रक्तवाहिन्यांतली दारं अडवते. तिने पाय सुजू शकतात. प्रीगॅबालिननेही सुजतात, आणि मधुमेहाच्या पायोग्लिटाझोननेही. तिन्ही एकाच वेळी चालू असलेले रुग्ण कमी नाहीत. पाय सुजले की कुणीतरी लघवीची गोळी वाढवतं, तिने सोडियम उतरतं, चक्कर येते, मग चक्करेची गोळी येते. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, अशी साखळी तयार होते.

त्यातल्या चक्करेच्या गोळीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण तीही याच कुटुंबातली आहे. चक्करेसाठी दिलं जाणारं सिनारिझिन आणि अर्धशिशी टाळण्यासाठी दिलं जाणारं फ्लुनारिझिन ही दोन्ही कॅल्शियमचीच दारं अडवतात, पण सोबत मेंदूतल्या डोपामिनच्या जागाही अडवतात. महिनोन्महिने घेतली तर काहींना, विशेषतः साठी ओलांडलेल्यांना, हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा कोरा होणं, म्हणजे हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं सुरू होतात. त्यावर पार्किन्सनची औषधं सुरू झालेली माणसंही आम्हाला भेटतात. मूळ गोळी थांबवली की बहुतेकांची लक्षणं काही महिन्यांत ओसरतात, काहींची पूर्ण जात नाहीत. घरात कुणाला नव्याने कंप सुरू झाला असेल, तर गेल्या वर्षभरात कोणकोणत्या गोळ्या घेतल्या ती सगळी यादी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. चक्करेची गोळी दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेणं तर पूर्ण बंद करा.

मेंदू वाचवण्याचं स्वप्न

कॅल्शियम पेशीत प्रमाणाबाहेर साचलं की पेशी मरते. म्हणून ते रोखलं तर पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश थांबेल, ही कल्पना गेली ३०-४० वर्षं शास्त्रज्ञांना खुणावते आहे. समाजमाध्यमांवर तिची 'रक्तदाबाच्या गोळीने पार्किन्सन बरा' अशी रूपं फिरतात, म्हणून निकाल सांगून टाकतो. इस्राडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचा प्रयोग ३३६ पार्किन्सन रुग्णांवर तीन वर्षं झाला. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, आजाराची गती कमी झाली नाही. निल्वाडिपिनचा प्रयोग अल्झायमरच्या पाचशेहून अधिक रुग्णांवर दीड वर्ष झाला, २०१८ मध्ये तोही फसला. यश मिळालं ते निमोडिपिनला, आणि तेही एका अरुंद जागी: मेंदूभोवतीची फुगलेली रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, तर २१ दिवस हे औषध देतात आणि त्याने अपंगत्व कमी होतं.

अडचण अशी की कॅल्शियमची दारं शरीरभर आहेत. मेंदूतली ठरावीक दारं अडवायला जावं तर रक्तदाब खाली येतो. शंखातल्या एका गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं झिकोनोटाइड हे वेदनेवरचं जबरदस्त औषध अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झालं, पण ते पंप बसवून थेट मणक्यातल्या पाण्यात सोडावं लागतं. मूलभूत संशोधन मात्र थांबलेलं नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्रात गैती हसन यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीच्या चेतापेशींमधली कॅल्शियमची कोठारं बिघडली की माशीचं उडणं कसं बिघडतं, हे वर्षानुवर्षं तपासलं आहे. यातून कधी औषध निघेल, पण आज तुमच्या चिठ्ठीवर लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

मग नशेचं काय?

प्रीगॅबालिन नेमून दिलेल्या डोसमध्ये घेणारा सामान्य रुग्ण नशेबाज होत नाही. गैरवापर होतो तो मोठे डोस एकदम घेऊन, बहुतेक वेळा अफूजन्य औषधांच्या किंवा दारूच्या जोडीने, आणि आधीपासून व्यसन असलेल्यांमध्ये. खरा जीवघेणा भागही ही जोडीच आहे. श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. दमा, सीओपीडी असलेले आणि वयस्कर रुग्ण यांच्यासाठी तो आहे. तुमच्या चिठ्ठीत ट्रामाडॉल आणि प्रीगॅबालिन दोन्ही असतील, किंवा झोपेची गोळी सोबत असेल, तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. गोळी चालू असताना दारू घेऊ नका.

ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ही दोन्ही औषधं नियंत्रित यादीत टाकली. अमेरिकेत प्रीगॅबालिन २००५ पासून तसंच आहे. आपल्याकडची एच-१ यादी त्या मानाने सौम्य आहे. २०१३ मध्ये ती आली ती मुख्यतः जंतुनाशकांच्या बेसुमार विक्रीला आळा घालायला. यादीतल्या औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीत सूचना असते. दुकानदाराला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. तुम्हाला वेगळा परवाना लागत नाही, औषध बंदही होत नाही.

मला हे पाऊल योग्य वाटतं, पण काळजी दोन बाबतींत आहे. एक, नोंदवही चिठ्ठीशिवायची विक्री रोखेल, गरज नसताना लिहिलेली चिठ्ठी रोखणार नाही. दोन, कडकपणा वाढला की काही दुकानदार कटकट नको म्हणून औषध ठेवणंच बंद करतात. मॉर्फिनचं उदाहरण समोर आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर कागदपत्रांच्या जाचाने कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेनासं झालं, आणि कायदा सुटसुटीत करायला २०१४ उजाडावं लागलं. प्रीगॅबालिनची गत तशी होण्याचं कारण नाही. पण ताकदीनुसार सरसकट बंदी घातली, तर रोज ३०० मिलिग्रॅम लागणाऱ्या नागिणीच्या रुग्णाला दिवसाला चार कॅप्सूल गिळाव्या लागतात. नशेचा बाजार तेवढ्याने थांबेल, यावर माझा विश्वास नाही.

आता सुरुवातीचा मुद्दा. गोळी अचानक थांबवली तर झोप उडणं, घाम, मळमळ, बेचैनी, डोकेदुखी असा त्रास होतो, आणि फिट्सच्या रुग्णाला फिट येऊ शकते. किमान एक आठवड्यात, जुना मोठा डोस असेल तर त्याहून हळू, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवायची. गरोदर असाल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर हा विषय आधीच काढा. पहिल्या तीन महिन्यांत प्रीगॅबालिन घेतलं तर बाळात जन्मजात दोषाचं प्रमाण शंभरात चारच्या जागी सहाच्या आसपास दिसलं आहे. गोळी सुरू झाल्यावर मनात निराशेचे, जीव नकोसा होण्याचे विचार येऊ लागले तर त्याच दिवशी कळवा, घरच्यांनीही लक्ष ठेवा.

आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर जेवढे दिवस जाणार त्याहून आठवडाभराच्या जास्त गोळ्या आणि चिठ्ठीची मूळ प्रत सोबत ठेवा, नुसता मोबाइलमधला फोटो नको. चिठ्ठीवर तारीख, डोस आणि किती दिवसांसाठी हे स्पष्ट लिहून घ्या. तिकडच्या दुकानात त्याच नावाची जोडगोळी पुढे केली, तर आतल्या प्रीगॅबालिनचं प्रमाण तुमच्या पट्टीशी जुळतंय का ते वाचून मगच घ्या.